वरकस जमिनीवर भात: पोत्याआधी खड्डा

भात हे पाण्यातले पीक होय, ही समजूत कोकणच्या शेतकऱ्याच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, पाणी न साठणाऱ्या जमिनीवर भात घेण्याची कल्पना त्याला पुष्कळ काळ परकी वाटत असे. अलीकडे मात्र वारे फिरले आहे. लावणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि चिखलणीपुरता पाऊस वेळेवर पडेलच याची खात्री राहिलेली नाही. यास्तव चिखलणी व लावणी टाळून उंचवट्याच्या जमिनीत थेट पेरून भात घ्यावा, असा सल्ला दिला जाऊ लागला आहे. या सल्ल्यात तथ्य आहे. कोल्हापूरच्या बाजूस रोहिणी नक्षत्रावर होणारी धूळवाफ पेरणी किंवा मराठवाड्यातील पेरसाळ या पद्धती काही आजच्या नव्हेत. तथापि सल्ला देताना "कोणत्या वरकसात?" हा प्रश्न मागे पडतो, आणि त्याची किंमत सल्ला देणाऱ्यास नव्हे, तर पेरणाऱ्यास मोजावी लागते.

या प्रश्नाचे एक चांगले उदाहरण मुंबईच्या दारातच आहे. चेंबूर हे नाव काढले म्हणजे आज वसाहती, रेल्वेचे रूळ आणि कारखान्यांच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. परंतु हे गाव जुन्या ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो 1920 साली, आणि महापालिकेची हद्द या उपनगरापर्यंत पोहोचली ती 1950 साली. त्याआधीच्या साष्टीत जमिनीची ओळख तीन शब्दांत होत असे: खाडीलगतची खार, मधली गोड्या पाण्याची भातखाचरे, आणि डोंगराच्या पायथ्याचे वरकस. एका बाजूस माहुलची खाडी, दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी आणि मध्ये ट्रॉम्बेचा डोंगर, अशी चेंबूरची ठेवण आहे. घटकाभर चालले की जमिनीची जात पालटावी, असा हा मुलूख. खारीत भुरा रता, काळा रता यांसारखी खारटपणा सोसणारी भाते, खाचरात लावणीचे भात, आणि वरकसावर नाचणी व वरी, ही वाटणी ठाणे-कुलाब्याच्या किनारपट्टीत कोणी कागदावर लिहून दिलेली नव्हती. ती पिढ्यांच्या नुकसानीतून ठरलेली होती.

चेंबूरची दुसरी एक ओळख शेतकऱ्यास अधिक जवळची आहे. ट्रॉम्बेच्या खतकारखान्यात 1965 साली उत्पादन सुरू झाले, आणि 1978 पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नावाने चालू आहे. तेथील सुफला 15:15:15 चे पोते ओळखत नाही असा शेतकरी महाराष्ट्रात शोधावा लागेल. ज्या गावाची भातजमीन गेली, त्याच गावाचे खत राज्यभरच्या भाताला मिळू लागले, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु पोत्याने एक सवयही लावली. पीक पिवळे पडले, पोते टाका. फुटवे कमी आले, आणखी एक पोते टाका. खत जमिनीतील अन्नाची उणीव भरून काढते. जमिनीची खोली वाढवीत नाही, उतार मोडीत नाही, आणि मुरमाला पाणी धरून ठेवण्यास शिकवीत नाही. वरकस भाताचे भवितव्य नेमके या तीन गोष्टींवर ठरते.

जमीन पारखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या महसुली पाहणीसाठी 1847 साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी जो संयुक्त अहवाल दिला, त्यात दख्खनच्या जमिनींची प्रतबंदी कशी करावी याचे नियम आहेत. जमिनीचे नऊ वर्ग. पहिला वर्ग सोळा आण्यांचा आणि त्यासाठी मातीची खोली पावणेदोन हात. खोली जसजशी घटत जाईल तसतसे आणे उतरत शेवटच्या वर्गाला दोन आणे. शिवाय मातीत चुनखडीचे खडे आहेत काय, वाळू मिसळलेली आहे काय, उतार आहे काय, वरून पाण्याचा लोंढा येतो काय, पाणी साचून राहते काय, यांपैकी प्रत्येक दोषाला एक खूण ठरविलेली, आणि दोष दिसला की वर्ग एका पायरीने खाली. प्रतबंदीचा कारकून शेताचे भाग पाडी आणि भागाभागात जमीन खणून खोली पाही. हे सर्व कशासाठी? तर सारा बसविण्यासाठी. रयतेच्या पिकाची काळजी हा त्यातला हेतू मुळीच नव्हता. तरीही वस्तुस्थिती अशी की, वसुलीसाठी सरकारने जितके खड्डे खणले, तितके पिकाच्या निवडीसाठी आजवर कोणी खणले नसतील.

आज जमिनीची तपासणी म्हटली की मृदा आरोग्य पत्रिका पुढे येते. ही योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली आणि तिने मोठे काम केले आहे, याबद्दल वाद नाही. पत्रिकेवर बारा बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. आता या यादीकडे वरकस भाताच्या दृष्टीने पाहावे. खोली नाही. पोत नाही. पाणी धरून ठेवण्याची शक्ती नाही. मुक्त चुन्याचे प्रमाण नाही. उतार तर नाहीच. नमुना वरच्या वीतभर मातीचा. त्याखाली काळी माती आहे की खडक, हे पत्रिकेस ठाऊक नसते. त्यातही योजनेच्या आरंभीच्या फेऱ्यांत जिरायत क्षेत्रासाठी 10 हेक्टरांच्या चौकटीस एक नमुना असे प्रमाण होते. कोकणात 10 हेक्टरांत वरकसाचे पन्नास तुकडे आणि तितकेच मालक असू शकतात. वरच्या तुकड्यात कुदळ खणखणते आणि खालच्या तुकड्यात गुडघाभर माती लागते. हा पत्रिकेचा दोष नव्हे. खताची मात्रा ठरविण्यासाठी ती काढलेली आहे आणि ते काम ती करते. परंतु "पत्रिका चांगली आली, भात पेरा" असे जो म्हणतो, तो वजनकाट्यावर कापड मोजू पाहतो.

येथे थोडे खोलात शिरणे अवश्य आहे, कारण खाचरात चांगले भात देणारी मातीसुद्धा वरकस पद्धतीत दगा का देते, हे पुष्कळांस उमगत नाही. खाचरात पाणी उभे राहिले म्हणजे मातीतील हवा कोंडली जाते. हवा संपताच मातीतील जीवजंतू लोहाच्या तांबड्या, न विरघळणाऱ्या रूपाचे विरघळणारे रूप करतात. त्या लोहाशी जखडलेला स्फुरदही काही प्रमाणात सुटा होतो. आम्ल मातीचा सामू वर चढतो, चुनखडीच्या मातीचा खाली येतो आणि दोन्ही सातच्या आसपास येऊन थांबतात. थोडक्यात, उभे पाणी हे केवळ तहान भागवीत नाही. ते जमिनीचे दोष झाकून नेते. वरकसात पाणी उभे राहत नाही, म्हणून हे झाकणही पडत नाही. जमीन जशी आहे तशीच भाताच्या मुळांपुढे उभी राहते.

याचा सर्वांत स्पष्ट धडा मराठवाड्याने दिला आहे. तेथील काळी जमीन खोल, चिकण आणि ओल धरणारी. पेरसाळीला याहून चांगली जमीन कोणती, असे वाटावे. पण तिच्यात चुना असतो, सामू आठाच्या पुढे असतो, आणि पेरलेले भात काही आठवड्यांचे होते न होते तोच नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा, पुढे पांढुरका पडू लागतो. मातीत लोह नसते असे नव्हे. असते, पण मुळास मिळत नाही. शेतकरी हे नत्राच्या उणिवेचे लक्षण समजून युरिया टाकतो. रोग बरा होत नाही आणि पैसा जातो. नत्राची उणीव जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होते. लोहाची नव्या, वरच्या पानांपासून. एवढा एक फरक गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या ध्यानी आणून दिला, तरी पुष्कळ पोती वाचतील. परभणीच्या कृषिविद्यापीठाने प्रसारित केलेला प्रभावती हा वाण या भागातील पेरसाळीसाठीच आहे. पिकात उणीव दिसल्यास 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस व 25 ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून आठ-दहा दिवसांच्या अंतराने फवारा देतात. हिराकस नुसते जमिनीत टाकले तर चुन्याच्या मातीत ते लवकरच पुन्हा न मिळणाऱ्या रूपात जाते. टाकायचेच तर शेणखतात मुरवून टाकावे.

दक्षिण कोकणच्या जांभ्याच्या जमिनीत गोष्ट नेमकी उलटी. तेथे लोहाची वाण नाही. सामू खाली, चुना नाही, आणि दिलेला स्फुरद लोह व ॲल्युमिनियम गिळून टाकतात. ब्राझीलच्या सेराडो नावाच्या विस्तीर्ण माळांवर अशाच आम्ल जमिनीत वरकस भात घेतले गेले, कारण हे पीक आम्लता इतर पुष्कळ पिकांपेक्षा अधिक सोसते. तेव्हा आम्लता हे एकटे कारण जांभ्यावरचे भात नाकारण्यास पुरेसे नाही. तेथील खरा अडसर खोलीचा आणि खड्यांचा आहे.

आता पाण्याचा हिशेब. कोकणात वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग वरकसाला पाणी कमी कसे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर असे की, पीक वर्षाच्या बेरजेवर जगत नाही, दिवसांवर जगते. पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडले की भात दिवसाला सुमारे 5 ते 6 मिलिमीटर पाणी वापरते. वीतभर-सव्वा वीत, म्हणजे 30 सेंटिमीटरपर्यंत खोल अशी मुरमाड माती पिकास देण्याजोगे पाणी धरते ते ढोबळमानाने 30 मिलिमीटर. हिशेब सरळ आहे: पाच-सहा दिवस. 60 सेंटिमीटर खोल चिकण-पोयट्याची जमीन 90 ते 100 मिलिमीटर धरील. कागदावर पंधरा-सोळा दिवस झाले, पण भाताची बहुतेक मुळे वरच्या वीत-दीड वीत मातीत असल्यामुळे प्रत्यक्षात दहा-बारा धरावेत. श्रावणातली उघडीप कधी चार दिवसांची असते, कधी पंधरवड्याची. ती भात निसवताना आली तर पळिंज होते. कणीस उभे राहते, दाणा भरत नाही. नाचणी अशा वेळी मान टाकते आणि पाऊस आला की पुन्हा उठते. भाताची निसवण एकदा चुकली की ती परत येत नाही.

यावर अवर्षण सोसणारे वाण हे उत्तर सुचविले जाते. झारखंडातील हजारीबाग येथे खास वरकस भातासाठी केंद्रीय संशोधन केंद्र आहे. तेथून निघालेले वंदना, सहभागी धान यांसारखे वाण नावाजलेले आहेत. कोकणात कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 1919 पासून हळव्या, निमगरव्या व गरव्या भातांवर काम केलेले आहे, आणि वरकसासाठी हळवेच वाण निवडावे, हे सांगणे न लगे. परंतु सोशिक वाण म्हणजे थोडी अधिक मुदत मिळालेले पीक. सहा दिवसांची जमीन त्याने फार तर आठ दिवसांची होईल. पंधरा दिवसांची होणार नाही.

मग जमीन पारखावी कशी? यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कुदळ, घमेले आणि अर्धा दिवस लागतो. खड्डा तुकड्याच्या वरच्या टोकास एक, मध्ये एक आणि तळाशी एक असे तीन ठिकाणी गुडघाभर खणावे. एकाच ठिकाणी खणणे म्हणजे स्वतःची फसवणूक. आणि ते ठिकाण बहुधा माती मऊ असेल तेथेच निवडले जाते! मुरूम किंवा कातळ किती खोलीवर लागला ते काठीने मोजावे. दीड वितीच्या आत लागला तर भाताचा विचार सोडावा. दोन वितींच्या पुढे गेला तर पुढची परीक्षा करावी. मातीचा ओलसर गोळा हातात घेऊन त्याची वळी करून पाहावी. वळी मुळीच होत नसेल तर रेताड; बोटभर होऊन मोडत असेल तर पोयटा, भाताला चालेल; लांब, चिवट वळी होत असेल तर ओल टिकेल, पण चुना पाहिल्यावाचून पेरू नये. चुन्यासाठी सौम्य आम्लाचे दोन थेंब मातीच्या ढेकळावर टाकावेत. फसफसून फेस आला की लोहाच्या उणिवेची तयारी ठेवावी आणि पत्रिकेवरील लोहाचा आकडा पाहावा. तो दर किलो मातीस 4.5 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर प्रश्नच उरत नाही. खड्ड्याच्या भिंतीवर तांबूस-पिवळे ठिपके दिसले तर तेथे पावसाळ्यात काही दिवस पाणी तुंबते असे समजावे. इतर वरकस पिकांना हा दोष, पण भाताला तो गुण ठरतो.

पाणी मुरण्याची परीक्षा खड्डा न्याहाळण्याइतकीच महत्त्वाची. फूटभर खोल बिळासारखे छिद्र करून ते सायंकाळी पाण्याने भरून ठेवावे, म्हणजे भोवतालची माती भिजते. सकाळी पुन्हा भरावे आणि तासाभरात पाणी किती बोटे उतरले ते पाहावे. येथे आकड्यापेक्षा तुलना अधिक उपयोगी. गावात ज्या वरकसात भात खरोखरी चांगले येते, त्या शेतात अशीच परीक्षा करून दोन्ही उतार शेजारी शेजारी ठेवावेत. कार्यकर्त्याने दहा वाक्ये बोलण्यापेक्षा शेतकऱ्याला ही दोन छिद्रे पुरे होतात.

तणांविषयी एकच सांगावयाचे. खाचरातील उभे पाणी अर्धे तण मारते. वरकसात ते काम खुरप्याला करावे लागते. लव्हाळा किंवा हरळी माजलेल्या तुकड्यात, माती कितीही चांगली असो, पेरभात घेऊ नये.

चेंबूरकडे पुन्हा एकदा वळावे लागते, कारण शहरांच्या कडेला आता एक नवीन प्रकारची जमीन तयार झाली आहे. देवनारची कचराभरणी 1927 पासूनची. अशी भरणी आज प्रत्येक मोठ्या गावाच्या वेशीवर दिसते, आणि तिच्यावर चार बोटे काळी माती पसरली की ती सुपीक भासते. खड्डा खणला म्हणजे खरी हकीकत कळते. अशा जमिनीत जड धातूंची तपासणी झाल्यावाचून खाण्याचे कोणतेही पीक घेऊ नये. मग भाताची गोष्ट दूरच.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. प्रात्यक्षिकासाठी शेत निवडताना रस्त्याकडेचे, खोल मातीचे, जाणत्या शेतकऱ्याचे शेत निवडले जाते. तेथे भात चांगले येते, शिवारफेरी होते, छायाचित्रे निघतात. पाहावयास आलेला डोंगरकडचा शेतकरी आपल्या दळीतल्या तुकड्यावर तेच बियाणे पेरतो, आणि त्याचे भात निसवणीस येते न येते तोच पाऊस उघडीप देतो. प्रात्यक्षिक खोटे नव्हते. जमीन वेगळी होती. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या फलकावर वाणाच्या नावाशेजारी मातीची खोली लिहिली, तर हा अनर्थ पुष्कळ टळेल. आणि फसलेल्या वरकसाचेही एखादे प्रात्यक्षिक दाखविण्यास हरकत नसावी.

शेतकऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. वरकसवाल्याला भात हवे असते ते केवळ बाजारासाठी नव्हे. घरचा तांदूळ असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. नाचणीची भाकरी ही गरिबीची खूण मानली गेली, आणि ही सल पिढ्यांची आहे. "आमच्या नशिबी वरकस, म्हणून आम्ही तांदूळ खाऊ नये काय?" या प्रश्नाला खोलीचा आकडा हे उत्तर होऊ शकत नाही. परंतु किंमतीचे पारडे आता पालटले आहे, हे त्यास सांगता येईल. 2023-24 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत साध्या भातास क्विंटलला 2,183 रुपये होती, तर नाचणीस 3,846 रुपये. दर जाहीर होणे आणि प्रत्यक्ष खरेदी होणे यांत अंतर असते, हे खरेच. पण उथळ वरकसावर पळिंज भात कापण्यापेक्षा भरलेली नाचणी कापणे केव्हाही हिताचे.

शिवाय नकार सरसकट देण्याचे कारण नाही. उतारावरच्या बहुतेक तुकड्यांत तळचा पट्टा वरच्यापेक्षा खोल असतो, कारण वरची माती वाहून तेथेच येऊन थांबते. पाझरही तेथेच लागतो. तेवढ्या पट्ट्यात, उताराला आडवे ओळींत पेरून, कडेला छोटी ताल घालून हळवे भात घ्यावे. मधल्या भागात नाचणी, माथ्याला तूर किंवा कुळीथ. घरच्या पुरता तांदूळ त्यात निघतो. ही मांडणी कागदी वाटत असेल तर तीन खड्डे खणून पाहावेत. बहुतेक ठिकाणी ते तीन वेगळी उत्तरे देतील.

खड्डे खणण्यास वैशाख हा वाईट महिना होय. जमीन दगडासारखी असते आणि ओलीविषयी काहीच सांगत नाही. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे पाऊस चार-पाच दिवस थांबला की कार्यकर्त्याने शेतकऱ्यास बरोबर घेऊन शेतावर जावे. त्या वेळी वितीभर खाली हात घातला असता माती थंड व ओली लागते की कोरडी, आणि कोणत्या तुकड्यातले गवत दुपारी मान टाकते, हे दोघांनी पाहावे. पाहिलेले तेथल्या तेथे मृदा आरोग्य पत्रिकेच्या मागील कोऱ्या बाजूस लिहावे: तीन खड्ड्यांची खोली, वळी, फेस आला की नाही, पाणी किती बोटे उतरले. पुढच्या वर्षी बियाण्याची मागणी नोंदविताना ती बाजू आधी वाचावी.